सातव्या दिवशी कोण?

पवार गावी आहेत. पवार गावी आहेत. पवार गावी आहेत.

संगीता जाधवच्या स्क्रीनवर हे एकच वाक्य ओळीखाली ओळ पळत होतं आणि थांबायचं नाव घेत नव्हतं. मागच्या रांगेतून कोणीतरी ओरडलं, "अरे, पवारांना कोणीतरी फोन लावा रे!" सगळा वर्ग हसला. संगीताही हसली, पण तिचे कान लाल झाले होते. कारण माझ्या शेजारी आमचा ट्रेनिंग हेड निखिल दळवी हाताची घडी घालून उभा होता आणि तो हसत नव्हता.

"कंट्रोल धरून सी दाब," मी म्हटलं. तिने दाबलं. पवार थांबले.

मी मालाडच्या एका कंपनीत ट्रेनर आहे. अर्धं आयुष्य कोड लिहिण्यात गेलं, आता लिहायला शिकवते. सोमवार ते शुक्रवार शिकवते आणि तेव्हा शनिवारीही वर्गातच असायचे. माझं तोंड फटकळ आहे हे मला ठाऊक आहे. वडील मालवणहून गिरणीत कामाला आले, ते येताना एक ट्रंक आणि हे तोंड घेऊन आले. ट्रंक माझ्या भावाकडे गेली.

आमच्या कंपनीत आरोग्य विम्याचे कागदी फॉर्म कंप्युटरमध्ये भरायचं मोठं काम चालायचं. संगीता त्या कामात मुरलेली. डॉक्टरचं अक्षर कितीही गचाळ असो, ती एका नजरेत वाचायची. मग फॉर्म आपोआप वाचणारं सॉफ्टवेअर आलं आणि तो अख्खा विभाग बंद करायचं ठरलं. कंपनीने एवढी मेहेरबानी केली, की ज्यांची इच्छा असेल त्यांनी प्रोग्रॅमिंग शिकावं आणि शेवटी एक डेमो द्यावा. डेमो पास झाला तर ऑटोमेशन टीममध्ये जागा. नाही तर नोटीस.

बॅचमध्ये बहुतेक पंचविशीतली मुलं. त्यांना इथे नाही तर अंधेरीला कुठेतरी नोकरी मिळाली असती. संगीता माझ्याच वयाची. घाटकोपरला राहते. नवऱ्याची नोकरी करारावरची, आज आहे तर उद्या नाही. मुलगी नर्सिंगला. ही नोकरी गेली तर घर कशावर चालायचं, हे तिने मला पहिल्याच दिवशी डबा उघडता उघडता सांगितलं. पुन्हा तो विषय काढला नाही.

डेमोसाठी प्रत्येकाने आपल्या मनाने विषय निवडायचा होता. कोणी क्रिकेटचा स्कोअर घेतला, कोणी पिझ्झाची ऑर्डर. संगीताने घेतली बुद्धविहारातली पाळी. आषाढी पौर्णिमेपासून तीन महिने वर्षावास असतो. त्या काळात त्यांच्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होतं. गल्लीतल्या सात घरांनी ते वाटून घेतलंय. ज्या घराची पाळी, त्या घराने वाचायचं, फुलं आणि मेणबत्त्या आणायच्या, आणि वाचन संपल्यावर सगळ्यांना खीर वाढायची. कुठल्या तारखेला कोणाचं घर, हे संगीता दरवर्षी हाताने लिहून काढायची. आता ते प्रोग्रॅमने काढायचं होतं. मला विषय फार आवडला. निखिलला तो जरा "साधा" वाटला.

तर पवार थांबले आणि निखिलने मला कॉफी मशीनपाशी बोलावलं.

"मॅम, हे होणार नाही."

"काय होणार नाही?"

"शुक्रवारी डेमो आहे. पॅनेलसमोर हे पवार दाखवायचे?"

"आज सोमवार आहे रे."

"संगीताताई छान आहेत, मला पण आवडतात. पण एचआर माझ्याकडे नावं मागतंय यार. डाउटफुल कोण कोण ते."

"तुझा पहिला प्रोग्रॅम पहिल्या फटक्यात चालला होता?"

"मॅम, माझं सोडा ना."

"सोडलं. तू पण तिचं नाव शुक्रवारपर्यंत कुठे देऊ नकोस."

त्याने कप कचऱ्याच्या डब्यात टाकला. "ठीक आहे, शुक्रवारपर्यंत. पण चार वाजता नाही चालला, तर माझ्या हातात काही नाही हां. मग मला बोलू नका."

निखिल वाईट नाही. त्यालाही वरून विचारणारे असतात. मी परत वर्गात गेले आणि संगीताच्या शेजारी खुर्ची ओढून बसले.

इथे थोडं समजावून सांगते. लूप म्हणजे कंप्युटरला एकच काम पुन्हा पुन्हा करायला सांगणं. "दिवस एकपासून सुरू कर, त्या दिवसाचं घर छाप, दिवस एकने वाढव, तीन महिने होईपर्यंत हेच करत राहा." कंप्युटरला कंटाळा येत नाही, हा त्याचा गुण आणि हाच त्याचा दोष. दिवस वाढवायचं सांगायला विसरलात, तर तो त्याच दिवशी उभा राहून तेच काम करत बसतो. याला आम्ही इनफिनिट लूप म्हणतो. नवशिका तो एकदा तरी करतोच. ज्याने केला नाही त्याने कोड लिहिलेलाच नाही.

कोडमधली चूक शोधायची माझी एक पद्धत आहे. मी स्क्रीनवर हात ठेवते आणि विचारते, तोंडी सांग.

"पहिल्या दिवशी कांबळे," संगीता म्हणाली. "दुसऱ्या दिवशी पवार. पवार गावी असले तर तसं छापायचं आणि परत विचारायचं."

"परत कोणाला?"

"पवारांनाच."

"का गं?"

मी काहीतरी भलतंच विचारलं असं तिने माझ्याकडे पाहिलं. "त्यांची पाळी आहे ना मॅडम. त्यांना न विचारता पुढे गेलं तर त्यांना वाईट नाही का वाटणार? मी तर रोज फोन करते, काका, कधी येताय म्हणून."

म्हणजे ती काही विसरली नव्हती. ती स्वतः जशी वागते, तसंच तिने कंप्युटरला वागायला सांगितलं होतं. पवार तिकडे साताऱ्याला शेतात, आणि इकडे प्रोग्रॅम त्यांच्या बंद दारासमोर उभा राहून हाका मारतोय. मला हसूही आलं आणि तिचं कौतुकही वाटलं.

"बरं. पवार येईपर्यंत त्या संध्याकाळी वाचन बंद असतं?"

"छे! पुढचं घर करतं. शिंदे."

"ते कुठे लिहिलंयस?"

तिने स्क्रीनवर वरून खाली बोट फिरवलं. "ते... ते होतंच ना मॅडम."

हे "होतंच ना" पुढे माझा पिच्छा पुरवणार होतं, तेव्हा माहीत नव्हतं.

मी तिला सांगितलं, की दिवस आणि पाळी यांना तू एकाच दोरीला बांधलंयस, ती सोड. दोन वेगळे आकडे ठेव. घर गावी असेल तर पाळी पुढे ढकल, दिवस तिथेच राहू दे. घर मिळालं की दोन्ही पुढे. तिने मान डोलावली. दुसऱ्या दिवशी आली ती कोड बदलूनच. दुसऱ्या तारखेला शिंदे आले. शिवाय तिने आपल्या डोक्याने एक जास्तीची यादी केली होती, "राहिलेली घरं". पवार परत आल्याचं सांगितलं, की पुढची तारीख आधी त्यांना. ही यादी मी सांगितली नव्हती.

"त्यांना वाईट वाटू नये म्हणून," ती म्हणाली.

"झकास," मी म्हटलं. मी वर्गात झकास फार कोणाला म्हणत नाही. शेजारी बसणारी ऋतुजा, बॅचमधली सगळ्यात हुशार पोरगी, हळूच म्हणाली, "मला तर एकदाही नाही म्हणालात."

आता दुसरी गोष्ट. सातवं घर झालं की पुन्हा पहिलं घर यायला हवं. हे कंप्युटरला कसं सांगायचं? त्यासाठी मोड्युलो नावाचं एक गणित आहे. नाव मोठं आहे, वस्तू तिसरीतली आहे. भागाकार करायचा, उत्तर टाकून द्यायचं आणि बाकी ठेवायची, बस्स. तुम्ही रोज ते करताच. गाडी पंधरा वाजता सुटते असं वाचलं, की मनात बारा काढून टाकता आणि म्हणता तीन वाजता. तसंच इथे. आठव्या पाळीला सातने भागा, बाकी एक, म्हणजे पहिलं घर कांबळे. नववीला भागा, बाकी दोन, पवार. आकडा कितीही मोठा होऊ दे, बाकी गोल गोल फिरत राहते. कोडमध्ये यासाठी टक्क्याचं चिन्ह वापरतात. त्यामुळे दर बॅचमध्ये कोणीतरी विचारतंच, "मॅडम, हे किती टक्के?"

संगीताने बाकी व्यवस्थित वापरली होती. खाली ओळीने लिहिलं होतं, बाकी एक असेल तर कांबळे, दोन असेल तर पवार, तीनला शिंदे, असं करत करत बाकी सात असेल तर जाधव.

बुधवारी दुपारी मी तिला सगळी घरं हजर धरून पूर्ण तीन महिन्यांच्या तारखा छापायला सांगितल्या. स्क्रीन सरसर वर गेली आणि थांबली. मी वरपासून बघायला लागले. कांबळे, पवार, शिंदे, सहा घरं ठीक. सातव्या तारखेसमोर काहीच नाही. कोरं. मग पुन्हा कांबळे. पुन्हा सहा घरं, पुन्हा कोरं. खालपर्यंत तेच.

"संगीता, सातव्या दिवशी कोण?"

"कोणी नाही," ती सहज म्हणाली.

"कोणी नाही म्हणजे?"

"म्हणजे आम्ही."

मी चष्मा काढला. चूक मला दिसली होती. कुठल्याही आकड्याला सातने भागा, बाकी सात कधीच उरत नाही. सात उरली तर आणखी एकदा भाग जातो की. सातव्या पाळीची बाकी असते शून्य, आणि शून्यासाठी तिने कोणालाच ठेवलं नव्हतं. नवशिक्यांची ही नेहमीची चूक, मी शेकड्यांनी पाहिलीय. पण चूक करणारा ती दिसल्यावर बोंब मारतो. इथे चूक करणारीच शांत बसली होती.

"तुला हे आत्ता दिसलं की आधी?"

"कालच दिसलं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"त्यात काय सांगायचं मॅडम? विहाराची किल्ली आमच्याकडे असते. ज्या दिवशी कोणी नसतं त्या दिवशी सासूबाईच सगळं करतात. हाताने लिहायचे तेव्हाही आमची ओळ कोरीच सोडायचे. आमचं नाव नाही आलं तरी होतंच ना."

आपल्याकडे यादी करणारा स्वतःचं नाव शेवटी टाकतो. पंगतीत वाढणारे शेवटी बसतात, तसंच हे. संगीतानेही आपलं घर शेवटी, सातव्या जागी टाकलं होतं, आणि बरोबर तिथेच बाकी शून्य झाली. त्या जागी दुसऱ्या कोणाचं घर असतं, तर गल्लीतून पहिल्याच आठवड्यात आरडाओरडा झाला असता आणि चूक सापडली असती. पण गळलं ते हिचंच घर, आणि हिला त्यात काही वावगं वाटलं नाही.

माझं डोकं फिरलं.

"अगं, शुक्रवारी समोर बसणाऱ्याला तुझ्या सासूबाई माहीत आहेत का? त्याला कोरी ओळ दिसेल. तो म्हणेल, हिला साधी बाकी काढता येत नाही, चला, नेक्स्ट! वाट लागेल तुझी. एवढं शिकलीस, आणि नोकरी जाणार कशामुळे, तर 'होतंच ना'मुळे!"

 संगीताचे डोळे भरले. तिने मान खाली घालून कीबोर्डवरची धूळ पुसायला घेतली, धूळ नसताना. ऋतुजा माझ्याकडे अशी बघत होती, जणू मीच तिला नोटीस दिलीय. मला फार वाईट वाटलं. पण माफी मागणं आमच्या घराण्यात कोणाला जमलेलं नाही, म्हणून मी दोन चहा घेऊन आले आणि एक तिच्यासमोर ठेवला.

"पी. मग दुरुस्त करू."

ती चहा प्यायली. मी तिला सांगितलं, की आपण मोजतो एकपासून, कंप्युटर यादी मोजतो शून्यापासून. त्याच्या लेखी पहिल्याच्या आधी एक जागा असते. सगळी घरं एका यादीत घाल आणि त्या शून्याच्या जागेवर जाधव लिही.

"म्हणजे आमचं नाव सगळ्यांच्या वर?" ती घाबरलीच. "नको मॅडम. लोक काय म्हणतील? किल्ली यांच्याकडे, यादी यांची आणि नाव पण पहिलं!"

"कोडमध्ये वर गं. तारखेत नाही. मोजायला एकपासूनच सुरू करतोय ना आपण? म्हणजे पहिल्या दिवशी कांबळेच. शून्य बाकी येणार सातव्याच दिवशी. तुमची पाळी आहे तिथेच राहते, शेवटी. फक्त तुम्ही गायब होत नाही."

तिने बोटांवर मोजून बघितलं. कांबळे, पवार, शिंदे, करत करत सातव्या बोटाला जाधव. पुन्हा कांबळे. "गोलच आहे की मॅडम," ती म्हणाली. "शेवटचं आणि शून्य एकाच जागी येतंय."

"तेच तर."

तिने नाव टाईप केलं आणि प्रोग्रॅम चालवला. सातव्या तारखेसमोर जाधव आलं. तिने ती ओळ पुन्हा एकदा वाचली. मग मोबाईल काढून स्क्रीनचा फोटो घेतला. "सासूबाईंना दाखवते," म्हणाली.

निघताना मी तिला एकच काम दिलं. तुझ्या डोक्यात जेवढं म्हणून "होतंच ना" आहे, ते सगळं घरी बसून शोध आणि कोडमध्ये लिहून आण.

शुक्रवारी चार वाजता डेमो. पॅनेलवर निखिल आणि ऑटोमेशन टीमची लीड गायत्री. गायत्री बोलते गोड, पण तिच्या प्रश्नांना मीही वचकून असते. संगीताने नवी साडी नेसली होती आणि केसात अबोलीचा गजरा. तिने विहार, वर्षावास, पाळी सगळं नीट समजावून सांगितलं. प्रोग्रॅम चालवला. सातही घरं आली. निखिलने स्वतः पवारांना गावी पाठवून बघितलं. शिंदे आले. निखिलचा चेहरा सैल झाला. मलाही वाटलं, सुटलो.

तेवढ्यात गायत्री पुढे सरकून बसली.

"ताई, समजा सगळेच गावी गेले तर?"

 हे मी तपासलंच नव्हतं. सगळी घरं गावी, म्हणजे पाळी पुढे ढकलायची, पुन्हा ढकलायची, घर मिळणारच नाही, दिवस हलणारच नाही. तोच इनफिनिट लूप, फक्त आता एकटे पवार नाहीत, अख्खी गल्ली. मला सोमवारची ती पळणारी स्क्रीन दिसायला लागली. निखिलने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"सगळे नाही जात हो मॅडम," संगीता म्हणाली.

"हो, पण समजा."

"समजा ना. करून बघा."

गायत्रीने एकेका घरापुढे गावी असं टाकलं. जाधवांपुढेही टाकलं. बटण दाबलं. 

स्क्रीनवर पहिल्या तारखेसमोर एक ओळ आली आणि थांबली. "घर मिळालं नाही. किल्ली जाधव यांच्याकडे. वाचन होईल." दुसऱ्या तारखेसमोर तीच ओळ. तिसऱ्या तारखेसमोर तीच. दिवस पुढे सरकत होते. खाली तीन महिने संपले आणि प्रोग्रॅम शहाण्यासारखा बंद झाला.

"हे कसं केलं?" गायत्रीने विचारलं.

"एक अख्खी फेरी मारायची," संगीता म्हणाली. "सातही दारं वाजवून झाली आणि कोणी मिळालं नाही, तर परत पवारांच्या दारात जायचं नाही. थांबायचं आणि किल्लीवाल्याचं नाव छापायचं."

"पण किल्लीवाले पण गावी आहेत ना?"

"गावी जाताना किल्ली कोणाकडे तरी देऊनच जातो ना मॅडम. विहार बंद नाही राहात."

गायत्री हसली. आमच्या भाषेत याला फॉलबॅक म्हणतात. काहीच जमलं नाही तर शेवटी काय करायचं, ते आधी लिहून ठेवणं. चांगले चांगले इंजिनिअर हे विसरतात, आणि शिकवणारेही, हे त्या दिवशी कळलं. ज्या सवयीवरून मी तिला बुधवारी सगळ्यांसमोर झाडलं होतं, तीच सवय तिने उचलून बरोबर जागी ठेवली होती. बुधवारी ती कोऱ्या ओळीत लपली होती. आता ती शब्दांत लिहिलेली होती, कोणालाही वाचता येईल अशी.

"सगळ्यात कठीण चूक कुठली गेली?" निखिलने शेवटचा प्रश्न विचारला. हा प्रश्न तो सगळ्यांना विचारतो.

 "जी दिसत होती, पण मला चूक वाटतच नव्हती, ती."

निकाल सोमवारी लागायचा होता, पण गायत्रीने जाता जाता दारातच मला सांगितलं, "या मला पाहिजेत. दुसऱ्या कोणाला देऊ नका." मी संगीताला सांगायला गेले, तर ती बाहेर कॉरिडॉरमध्ये फोनवर होती. मी नुसता अंगठा वर केला. ती फोनवर सासूबाईंना म्हणाली, "आई, झालं हो," आणि भिंतीकडे तोंड करून रडली. ऋतुजाही रडली. मी रडले नाही. मला सर्दी झाली होती.

ही गोष्ट इथे संपली असती. पण पुढच्या आठवड्यात संगीता माझ्या टेबलाशी आली.

"मॅडम, शनिवारी आमच्या घरची पाळी आहे. सासूबाईंनी बोलावलंय. खीर खायला या."

"शनिवारी मला बॅच असते गं."

"दर शनिवारी?"

आमच्या ट्रेनरांना शनिवारची सुट्टी पाळीने मिळते. ती पाळी लावणारा छोटा प्रोग्रॅम मीच लिहिलाय, आणि तो माझ्या मशीनवर असतो. संगीताने विचारलं, "बघू?" मी म्हटलं, "बघ की." आता ती ऑटोमेशनवाली. नाही कशाला म्हणायचं.

तिने कोड वरून खाली वाचला. बोटांवर काहीतरी मोजलं. पुन्हा वाचला.

"बाकी बरोबर आहे," ती म्हणाली. "शून्याची जागा पण भरलेली आहे. मॅडम, पण यात तुमचं नाव कुठंय?"

"माझं कशाला? मी पाळी लावणारी. कोणी नसलं तर मी असतेच ना..."

वाक्य तोंडातून निघालं आणि मीच जीभ चावली. संगीता मला बोलू शकली असती. हसलीसुद्धा नाही, हा तिचा मोठेपणा. तिने फक्त कीबोर्ड स्वतःकडे ओढला, यादीच्या सुरुवातीला, शून्याच्या जागी, माझं नाव टाकलं आणि प्रोग्रॅम चालवला. आमच्या यादीतही शनिवार एकपासूनच मोजतात, महिन्याचा पहिला शनिवार तो एक. सुट्टीच्या रकान्यात सगळ्या ट्रेनरांची नावं येऊन गेली आणि सर्वांत शेवटी, येत्या शनिवारसमोर, मी. मी स्वतःचं नाव त्या रकान्यात पहिल्यांदाच पाहिलं. जरा परक्यासारखं वाटलं, मग बरं वाटलं.

शनिवारी मी पार्ल्याच्या माझ्या घरून निघून मेट्रोने घाटकोपरला गेले. विहार छोटा, स्वच्छ, सतरंज्या अंथरलेल्या. दारातच सगळ्यांनी जय भीम केला. संगीताच्या सासूबाई जाड चष्मा लावून पुढे बसल्या होत्या, ग्रंथावर बोट ठेवून. इतकी वर्षं त्या कोणी नसलं की वाचत आल्या होत्या. आज मात्र भिंतीवरच्या कागदावर त्यांच्या घराचं नाव छापलेलं होतं, आणि त्यांचा आवाज मला उगाचच ठणठणीत वाटला. वाचन झालं. संगीता मोठं पातेलं घेऊन आली. माझ्या शेजारी बसलेल्या एका पांढऱ्या मिशीच्या गृहस्थांनी वाटी पुढे केली, तशी ती म्हणाली, "मॅडम, हे पवार काका. कालच गावाहून आले."

मला असं हसू फुटलं की खिरीचा ठसका लागला. पवार काकांना काही कळेना. त्यांनी माझ्या पाठीवर थापटलं आणि म्हणाले, "सावकाश, ताई. खीर भरपूर आहे."

आता नव्या बॅचला टेस्टिंग शिकवताना मी सुरुवातीलाच सांगते. प्रोग्रॅम चालला की उत्तर बरोबर आहे का ते बघा, पण त्याआधी कोण गळलंय ते बघा. आणि गळलेलं नाव तुमचं स्वतःचं असेल तर जास्त आरडाओरडा करा, कारण तुमच्यासाठी दुसरं कोणी करणार नाही. मुलं वहीत लिहून घेतात. काहीजण हसतात.

परवा निखिल विचारत होता, "मॅम, या शनिवारी तुम्ही नाही. मग बॅच कोण घेणार?"

"मला काय विचारतोस?" मी म्हटलं. "प्रोग्रॅमला विचार."